उर्झेदालच्या शाळेतली मार्मेलोची काठी

आजवर मला हातात धरून पुष्कळ जण बोलले. कुणी नद्या म्हणून दाखवल्या, कुणी राजांची नावं घेतली, कुणी नुसतीच आरडाओरड केली. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. काठीला काय विचारायचं म्हणा! पण आता माझं वय झालंय, मधोमध चीर गेलीय, त्या चिरेवर तांब्याची तार गुंडाळलीय. तेव्हा दम आहे तोवर मीही थोडं बोलून घेते.

माझा जन्म बेंतु धनगराच्या अंगणातला, बकऱ्यांच्या वाड्याला लागून असलेल्या मार्मेलोच्या झाडावरचा. मार्मेलोचं पिवळं फळ कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं. पण साखर घालून चांगलं आटवलं की त्याच्या लाल वड्या होतात आणि पोरं ताटली चाटूनपुसून ठेवतात. फांद्या मात्र चिवट, लवचिक, सहजी न मोडणाऱ्या. म्हणून आमच्या डोंगरात वड्याही मार्मेलोच्या आणि मारही मार्मेलोचा.

लिस्बनपासून दूर, डोंगरातल्या आमच्या उर्झेदाल गावाची एक रीत होती. ऑक्टोबरात शाळा उघडली की एका घरानं मास्तरांना नवी काठी करून द्यायची. नकाशा दाखवायला तीच आणि पोरं बडवायलाही तीच. देवळापासून खाली ओढ्यापर्यंत घरांची पाळी ठरलेली असे. ज्याची पाळी येई तो वर्षभर आधीपासून फांदी हेरून ठेवी, कारण काठी वाकडी निघाली तर गाव नाव ठेवणार. आपल्याच पोराच्या पाठीवर बसणारी गोष्ट माणसं इतक्या हौसेनं करतात, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

१९३७ साली पाळी बेंतुची आली. बेंतु बकऱ्या राखायचा आणि धुक्याच्या दिवसांत वाटाड्याचं काम करायचा. डॉक्टर असो, पाद्री असो, कापडाचा व्यापारी असो, डोंगरापलीकडे जायचं तर आधी बेंतुच्या दाराशी यायचं. त्यानं मला कापलं, सोललं, विस्तवावर शेकून सरळ केलं, डुकराची चरबी चोळून गुळगुळीत केलं आणि मुठीच्या खाली चाकूनं एक गोल खाच पाडली, म्हणजे हात घसरायला नको. मग एका हातात मी आणि दुसऱ्या हातात नऊ वर्षांची लेक झुल्मिरा, असा तो शाळेत आला.

"घ्या मास्तर," तो म्हणाला. "आणि एक करा. पोरीला बाकी काही येवो न येवो, नकाशा वाचता आला पाहिजे. मला डोंगर येतो, पण नकाशा काही येत नाही."

"येईल की! न येऊन जातेय कुठं?" ताव्हेरा मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला हवेत एकदा सपकन फिरवून पाहिलं. बेंतु हसला. झुल्मिरानं मात्र बापाचा कोट घट्ट धरला.

मास्तर तसे वाईट नव्हते. थंडीत स्वतःच्या पैशानं सरपण आणायचे आणि ज्या पोराच्या पायात काही नसेल त्याला शेकोटीजवळ बसवायचे. पण त्यांना एक गोष्ट अजिबात खपत नसे. पुस्तकात नाही ते कुणी बोललं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

भिंतीवर नकाशा होता. त्यात आमचा देश एवढासा, आणि समुद्रापलीकडचे त्याचे मुलूख ही मोठी मोठी रंगीत धुडं. मी त्या सगळ्यावरून फिरले. मिन्यो, लिमा, दोरु, मोंदेगु, तेजु, अशा नद्या वरून खाली उतरत गेले. अंगोलातल्या रेल्वेच्या स्टेशनांवर एकेक करून थांबले. पोरं ती स्टेशनं घडाघडा म्हणायची. त्यातल्या एकानंही तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. आमच्या गावाला जायला गाडीरस्तासुद्धा नव्हता, पण आफ्रिकेतली गाडी कुठं थांबते ते सगळ्यांना पाठ!

थंडीतल्या एका सकाळी धडा होता दर्यावर्दींचा. मास्तरांचा आवडता. त्यांनी मला लिस्बनवर टेकवलं आणि आफ्रिकेच्या कडेकडेनं सावकाश खाली नेलं. वादळं आली, रोगराई आली, दक्षिणेचं टोक ओलांडलं. मग पूर्वेच्या किनाऱ्यानं वर, आणि तिथून भर समुद्र कापून थेट हिंदुस्थान. मास्तरांचा आवाज भरून आला होता. "जिथं कुणी माणूस कधी गेला नव्हता, तिथं आपले लोक गेले!"

तेवढ्यात झुल्मिरा उभी राहिली. "मास्तर, त्यांनी वाट कुणाला विचारली?"

"वाट?" मास्तर थबकले. "कुणाला विचारणार? समुद्रात वाट असते का? त्यांनी स्वतः शोधून काढली."

"पण तिकडं आधीपासून माणसं राहत होती ना? मग त्यांना विचारायचं की! माझे बाबा म्हणतात, परक्या मुलखात न विचारता शिरतो तो एक तर चोर, नाहीतर बावळट."

तिच्या मनात काही नव्हतं हो. बापाच्या अंगणात रोज ऐकलेलं ती सरळ बोलून गेली. पण वर्ग खदखदून हसला, आणि मास्तरांना वाटलं की पोरगी आपल्या देशाची थट्टा करतेय. त्यांनी तिला पुढं बोलावलं. पूर्ण नाव घेऊन बोलावलं. हात पुढं करायला सांगितला.

पुढचं मी सांगते, कारण ते मीच केलं. बारा फटके. सातव्याला करंगळी वाकडी झाली ती कायमची. "काठीला काय कळतंय" असं म्हणून मला सोडून देऊ नका. मला कळत होतं. बेंतुनं मला गुळगुळीत केलं होतं ते या हातासाठी नव्हे, एवढंही कळत होतं. मला स्वतःला थांबवता येत नव्हतं, एवढंच.

पोरगी रडली नाही. संध्याकाळी बेंतुनं तिची करंगळी पाहिली आणि विचारलं, "कशानं मारलं?" ती म्हणाली, "तुम्हीच दिलेल्या काठीनं." हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्याच तोंडून कळलं. बेंतु शाळेत जाऊन भांडला नाही. त्या काळी मास्तरांशी कुणी भांडत नसे. पण त्यानं ते मार्मेलोचं झाड बुंध्यापासून तोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून झुल्मिरा बकऱ्यांमागे जाऊ लागली. तिनंच बापाला सांगितलं होतं, "त्या खोलीत मी आता पाय ठेवणार नाही."

आणि नाहीच ठेवला. तिचं लग्न झालं आर्मिंदु गवंड्याशी. दोन मुलं झाली, ती याच शाळेत आली. मुलांचं नाव घालायला आर्मिंदु आला, निकाल न्यायला आर्मिंदु आला. झुल्मिरा भाकरीचं फडकं घेऊन फाटकापर्यंत यायची, मुलांना हाक मारायची आणि परत फिरायची. नव्या काठ्या येत गेल्या, पण मास्तरांच्या हाताला माझीच खाच बसली होती, म्हणून मी वर्गातच होते; खिडकीतून मला ती दिसायची. दर खेपेला वाटायचं, आज तरी आत येईल.

दरम्यान जग आपल्या वाटेनं चाललं होतं. १९६१च्या डिसेंबरात गोवा हातचा गेला. ताव्हेरा मास्तरांनी ते रेडिओवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात आले, मला उचललं आणि नेहमीच्याच जागी टेकवून म्हणाले, "गोवा." पोरं म्हणाली, "गोवा, दमण, दीव." वरून हुकूमच होता की काही गेलेलं नाही म्हणून शिकवायचं. मास्तर मग त्या ठिकाणी मला इतक्या जोरानं दाबू लागले की नकाशाला भोक पडलं आणि मागचा चुना दिसू लागला. पोरं त्या भोकालाच गोवा म्हणायची. सरकारनं आणि मास्तरांनी मिळून मला खोटं बोलायला लावलं, आणि मी बोलले.

मास्तर निवृत्त होऊन बहिणीकडे निघून गेले. काठी द्यायची रीतही मोडली, कारण निम्मं गाव पोटापाण्यासाठी फ्रान्सला गेलं होतं आणि पाळी कुणाची तेच कुणाला आठवेना. मी कपाटामागे पडले. कोळ्यांनी जाळी विणली. काही वर्षं तर मला वाटलं, बरं झालं, आपण कुणाच्या हातात नाही तेच बरं.

मला बाहेर काढलं ग्रासिंदाबाईंनी. समुद्रकाठच्या गावातून नेमणुकीवर आलेली तेवीस वर्षांची मुलगी. चष्मा, आखूड केस आणि सारखी घाई. तिनं मला पुसलं आणि वरच्या खिडकीची कडी काढायला घेतलं. पोरं मला पाहून आपोआप हात मागे लपवायची. बाई म्हणाल्या, "काय झालं? खिडकी उघडतेय मी." तरी हात लपलेलेच. आठवडाभरानं कुठं पुढं आले.

पुढं एप्रिल १९७४ मध्ये सैन्यानं जुनं सरकार उलथवलं. लिस्बनमध्ये म्हणे बंदुकीच्या नळ्यांत फुलं खोवली होती. आमच्याकडे फुलंबिलं काही नाही. बाईंनी मला घेतलं आणि फळ्याच्या वर टांगलेल्या, जुन्या सरकारातल्या दोन साहेबांच्या तसबिरी खिळ्यावरून अलगद खाली उतरवल्या. भिंतीवर दोन पांढरे चौकोन उरले. इतक्या वर्षांतलं माझ्या हातून झालेलं ते पहिलं बरं काम.

एक वर्षानं निवडणूक ठरली. देशाची नवी घटना लिहिणारी सभा निवडायची होती, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना मत होतं. बाईला, गड्याला, लिहिता येणाऱ्याला, न येणाऱ्याला. रविवारी प्रार्थना आटोपली की मोठी माणसं शाळेत येऊन लहान बाकांवर गुडघे मुडपून बसायची. बाईंनी फळ्यावर मतपत्रिका काढली होती. पक्षाचं नाव, त्याची खूण, शेजारी रिकामी चौकट. मी एकेका चौकटीवर फिरायचे.

"बाई, फुली चौकटीच्या बाहेर गेली तर?" एकानं विचारलं.

"थोडी गेली तर चालेल. पण शेजारच्याच्या घरात जाऊ देऊ नका."

"तेच तर याला आयुष्यभर जमलं नाही!" मागून त्याची बायको म्हणाली. आणि त्या खोलीत असा हशा पिकला की मी बाईंच्या हातातून निसटले.

आर्मिंदु दर रविवारी पहिल्या बाकावर असायचा. एकदा बाईंनी विचारलं, "आर्मिंदुकाका, मावशी कुठायत?"

"तिला कशाला? मी सांगेन ना तिला फुली कुठं मारायची ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला? मला कोण सांगणार?" आर्मिंदुनं छाती पुढं काढली.

"मग त्यांनाही कुणी सांगू नका," बाई म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आर्मिंदु लाल होऊन टोपी शोधू लागला.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई निघाल्या झुल्मिराकडे. वाटेत चिखल आणि कुत्री, म्हणून हातात मला घेतलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! मी मात्र माझ्या जन्माच्या जागी चालले होते; आर्मिंदुनं घर बांधलं होतं ते बेंतुच्याच अंगणात. बकऱ्यांच्या वाड्याशेजारी एक जुना बुंधा होता, जमिनीबरोबर कापलेला. मी त्याला ओळखलं.

झुल्मिरा दूध काढत होती. सत्तेचाळीस वर्षांची, डोक्याला काळा रुमाल. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाचेवर तिची नजर गेली आणि हात थांबले.

"बाई, ही तुम्ही माझ्या दारात का आणलीत?"

"काठी? अहो, कुत्र्यांसाठी."

"बाबांनी केलेली आहे ती." तिनं डावा हात पुढं केला. "आणि हे तिनं केलं."

मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती पुन्हा दूध काढू लागली. बाई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून ऐकत राहिल्या. शेवटी झुल्मिरा म्हणाली, "मत द्यायचं माझ्या मनात नाही, असं समजू नका. सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. बाबांनी लग्न ठरवलं, नवऱ्यानं घर कुठं बांधायचं ते ठरवलं, पाद्रीबाबांनी पोरांची नावं ठरवली. पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय, बाई, तुझं काय म्हणणं आहे? मला सांगायचंय हो. पण ते दार आलं की पाय जड होतात. म्हातारी व्हायला आले तरी होतात."

"मी टेबल अंगणात आणलं असतं," बाई म्हणाल्या, "पण नियमात बसत नाही. मत तिथंच द्यावं लागेल."

"ठाऊक आहे मला."

बाई एकदम म्हणाल्या, "मावशी, विचारली होती."

"काय?"

"वाट. त्यांनी वाट विचारली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदी नावाचं बंदर आहे. तिथं त्यांनी समुद्राचा माहीतगार एक वाटाड्या घेतला. त्यानं त्यांना हिंदुस्थानला नेऊन पोचवलं. मास्तरांच्या पुस्तकात नसेल, पण मोठ्या पुस्तकांत आहे."

झुल्मिरानं दुधाची बादली बाजूला सरकवली. तिचा चेहरा मला नीट आठवतो. आधी राग आला, मग हसू, आणि मग डोळ्यांतून घळघळा पाणी. "म्हणजे बाबा बरोबर होते!" ती म्हणाली. "मेले की हो ते, बाई. सांगायला हवं होतं त्यांना. जन्मभर त्यांना वाटत राहिलं, आपल्या बोलण्यापायी पोरीनं मार खाल्ला."

"ही मोडून टाका," बाईंनी मला तिच्यापुढं धरलं. "माझी काही हरकत नाही."

झुल्मिरानं मला गुडघ्यावर आडवं घेतलं आणि दोन्ही हातांनी वाकवलं. मी वाकत गेले. मार्मेलो सहजी मोडत नाही, पण देवाशपथ सांगते, त्या दिवशी मोडायला मी तयार होते. करकर आवाज झाला. मधोमध चीर गेली. तेवढ्यात तिनं हात सैल सोडले.

"जाऊ दे. मन लावून केली होती त्यांनी. राहू दे माझ्याकडे."

तिनं आर्मिंदुच्या पेटीतली तार काढली आणि चिरेवर गुंडाळली. तेव्हापासून मी तिची. पण निवडणुकीला येणार का, हे तिनं बाईंना सांगितलं नाही, आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

पंचवीस एप्रिल, शुक्रवार. पण गाव रविवारचे कपडे घालून सकाळी सातपासून शाळेच्या दारात रांगेत उभं. म्हाताऱ्यांनी लग्नातले कोट काढले होते, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास सगळ्या अंगणात पसरला होता. झुल्मिरा आर्मिंदुबरोबर आली. मी तिच्या हातात. फाटक तिनं ओलांडलं. अंगण ओलांडलं. पायरीशी आली आणि बाजूला झाली.

"तुम्ही व्हा पुढं. मला घाई नाही."

आर्मिंदु आत गेला, मत देऊन हसत बाहेर आला. ती तिथंच. एकेक जण पुढं जात होता आणि ती प्रत्येकाला तेच सांगत होती. दुपार झाली. कुणीतरी टोमणा मारला, "झुल्मिरा, बकऱ्या मोजतेस काय गं?" तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. तिच्या तळव्याला घाम सुटला होता, मी ओली झाले होते. पाच वाजले. सातला मतपेटी बंद होणार होती.

आर्मिंदु जवळ आला. या वेळी त्याचा आवाज खाली होता. "चल घरी. एका मतानं काही बिघडत नाही."

"बिघडतं," ती म्हणाली. पण पाय हलेना.

तेवढ्यात फेलिज्मिना आजी आली. ऐंशीच्या पुढची, काळ्या शालीत गुंडाळलेली. झुल्मिराच्या शेजारी उभी राहून तिनं हवेत हात चाचपला. "कोण गं? झुल्मिरा का? मला मेलीला दिसत नाही. पायरी कुठाय? तू बेंतुची पोर ना? जरा आत सोड मला."

आता बेंतुच्या लेकीला कुणी वाट दाखव म्हटल्यावर ती नाही कशी म्हणेल? तिनं आजीचा हात धरला, मला पुढं टेकवलं. "इथं पायरी आहे, आजी. उचला पाय. आता उंबरा. हं, आता सपाट आहे. डावीकडे बाक आहे, सांभाळा." असं बोलत बोलत ती आजीला थेट टेबलापर्यंत घेऊन गेली. आणि मग तिनं मान वर केली. खडूचा वास, भोक पडलेला नकाशा, भिंतीवरचे दोन पांढरे चौकोन. झुल्मिरा आत होती.

जाता जाता सांगते, पुढच्या आठवड्यात मी याच आजीला उन्हात बसून सुईत दोरा ओवताना पाहिलं. एका झटक्यात ओवला. पण ते असो.

टेबलामागे ग्रासिंदाबाई आणि आणखी दोघं बसले होते. बाई उठल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. आजीचं मत झालं. मग झुल्मिराचं नाव यादीत शोधलं, मतपत्रिका तिच्या हातात दिली. कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून चादर लावली होती, तिच्या आड जायचं होतं.

तिच्यामागोमाग आर्मिंदुही आत आला होता. चादरीकडे वळताना तोही सवयीनं एक पाऊल पुढं सरकला. झुल्मिरा वळली आणि तिनं मला त्याच्या हातात दिलं.

"हे धर. आणि इथं उभा राहा."

मी आर्मिंदुच्या हातात. चादरीखालून तिचे बूट दिसत होते. मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. चादर हलेना. तिला मास्तरांकडून अक्षरं पुरती मिळालीच नव्हती. ती एकेक नाव लावून वाचत होती, ओठांची पुटपुट ऐकू येत होती.

"झोपली काय?" दारातून कुणीतरी म्हणालं.

आर्मिंदुनं मला जमिनीवर आपटलं. "घेऊ द्या की तिला वेळ!" तो गरजला. "इतकी वर्षं थांबलीय ती. तुम्हाला दहा मिनिटं जड झाली?"

मला त्या गड्याचा तेव्हा खरंच अभिमान वाटला.

झुल्मिरा बाहेर आली. कागदाच्या चार घड्या. वाकड्या करंगळीच्याच हातानं तिनं तो पेटीच्या फटीत सरकवला, पडल्याचा आवाज येईपर्यंत वाकून ऐकलं. बाईंनी यादीवर रेघ मारली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं पुकारलं, "झुल्मिरा दा पिएदादी तेलिश, मतदान केलं."

पूर्ण नाव. त्या खोलीत अडतीस वर्षांनी. झुल्मिरा ताठ उभी राहिली, हात आपोआप अंगाला चिकटले, आणि शाळेतल्या पोरीच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "हजर!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग तिलाच कळलं आणि तिला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. आजी हसली, आर्मिंदु हसला, टेबलावरचे दोघं हसले. ग्रासिंदाबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

घरी जाताना आर्मिंदुनं तीनदा विचारलं, "पण दिलंस कुणाला?"

"तुला कुणी विचारलं होतं का?" ती म्हणाली. चौथ्यांदा त्यानं विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला कोबीच्या सूपात सॉसेजचा मोठा तुकडा तिनं त्याच्याच वाटीत टाकला, म्हणजे राग नव्हता.

आता झुल्मिराचं वय ऐंशीच्या पुढं गेलंय. आर्मिंदु नाही. ग्रासिंदाबाई बदली होऊन गेल्या, नाताळला त्यांचं कार्ड येतं आणि ती ते स्वतः वाचते. मला दाराच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं. कधी मी बकऱ्यांना वळवते, कधी वरच्या फळीवरचा डबा ओढते, बाकी तिच्या हाताला आधार देते. त्या बारा फटक्यांचं मी तिच्याजवळ कधी बोलू शकले नाही. पण तिचा अख्खा भार माझ्यावर येतो तेव्हा मी ही चीर घट्ट आवळून धरते, एवढंच माझ्या हातात आहे.

मुलांना शिकवणाऱ्यांना मात्र मी हात जोडून सांगते, आणि काठीला हात नसतात हे मला ठाऊक आहे. नद्या दाखवा, देश दाखवा, कुठली माणसं कुठून कुठं गेली तेही दाखवा. मी त्या कामाला चांगली आहे. पण मध्येच एखादी पोर उभी राहून काही विचारायला लागली, तर आधी मला खाली ठेवा. मग ऐका.

निवडणूक आली की झुल्मिरा अजून मला घेऊन शाळेत जाते. शाळेत आता पोरं नाहीत, गावात उरलीच किती! पण मतपेटी तिथंच येते. टेबलाशी बसायला शहरातून नवी पोरंपोरी येतात. पहिलं नाव पुकारतात, "मतदान केलं," आणि म्हातारा ताठ उभा राहून म्हणतो, "हजर!" ती चपापतात. दुसरा येतो, तोही म्हणतो, "हजर!" मग तिसरी. फ्रान्सहून परतलेले म्हणतात, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनाही म्हणतात. उर्झेदालमध्ये आता मत टाकलं की सगळेच तसं म्हणतात, आणि पाहुण्यांना कुणी कारण सांगत बसत नाही.